रोजच्या वापराला जुनी फोर-बाय-फोर पिकअप: कोल्हापूर आणि पश्चिमेकडच्या रस्त्यांना कुठली घ्यावी?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. जुनी फोर-बाय-फोर पिकअप घ्यायची आहे, आणि ती रोज चालवायची आहे. सोमवार ते शनिवार राजारामपुरी ते कागल पंचतारांकित एमआयडीसी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, बहुतेक हायवे. रविवारी गगनबावड्याच्या अलीकडे शेतावर. शेवटची दोन किलोमीटर पाणंद आहे, जूनपासून दिवाळीपर्यंत चिखलच. मागं कधी खताची आठ-दहा पोती, कधी ठिबकच्या पाइपा, बऱ्याचदा मोकळीच. घरात पाच माणसं, म्हणून डबल कॅब. कागदपत्रं आणि पहिली दुरुस्ती धरून बजेट सहा लाख.

यादीत चार आहेत: स्कॉर्पिओ गेटवे, टाटा झेनॉन, बोलेरो कॅम्पर फोर-व्हील आणि इसुझू व्ही-क्रॉस. कुठली घ्यावी, आणि बघायला गेल्यावर काय काय तपासावं?

उद्यमनगरी
मॉडेल नंतर ठरवा, आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघायला शिका. दहा-पंधरा वर्षांच्या पिकअपमध्ये इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. कुजलेल्या चॅसीला मात्र वेल्डिंगची ठिगळं लावत बसावं लागतं, आणि ठिगळाच्या शेजारी पुढचा तडा जातो.

आपल्या भागातल्या पिकअपनी दोन गोष्टी हमखास वाहिलेल्या असतात: खत आणि मासळी. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एक प्रकारचं मीठच. फाटलेल्या पोत्यातून ते हौद्याच्या खोबणीत बसतं, पावसाळ्यात ओलावा धरतं आणि पत्रा खालून खातं. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या भोकातून थेट चॅसीवर गळतं. म्हणून कोकणातून घाट चढून येणाऱ्या गाड्या वरून चकाचक आणि खालून पोखरलेल्या असतात.

गाडी रॅम्पवर घ्या. पाव किलोचा हातोडा घेऊन मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलचा ब्रॅकेट, हौद्याच्या बोल्टांच्या जागा आणि केबिनच्या मागचा चॅसीचा वाकण एवढ्या ठिकाणी हलकेच ठोका. निरोगी लोखंड टण्ण वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. भद्द वाजेल तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. हौद्यात प्लास्टिकचं लायनर असेल तर ते उचलल्याशिवाय पुढचं बोलूच नका. आणि खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला, तर तो कशासाठी मारला हे विचारा.

ऊसपट्टा
लायनरबद्दल +१. त्याखाली माती आणि पाणी वर्षानुवर्षं अडकून राहतं.

शिरोळकर
पुरातली गाडी हा मुद्दा कुणीतरी मांडायलाच हवा. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै, दोन्ही पुरांत कोल्हापूर, शिरोळ आणि सांगली भागात गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या.

तपासायचं असं: सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सगळे लोक आतली सीट धुतात, पण पट्ट्याचा गुंडाळलेला शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथं मातकट आडवी रेघ दिसली तर पाणी तेवढ्या उंचीपर्यंत आलं होतं. मग सीटचे रूळ आणि सीटखालचे बोल्ट बघा. फ्यूज बॉक्सचे कनेक्टर काढून पितळेवर हिरवट बुरा आहे का ते पाहा. हेडलाइटच्या आत गाळाची पुसट रेघ असते. डॅशबोर्डच्या खालून टॉर्च मारला की वायरिंगच्या टेपवर वाळलेला गाळ सापडतो. विम्याची मागची पॉलिसी मागा. त्या वर्षी नो-क्लेम बोनस एकदम शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारायचंच.

रांगडा०९
भावा, चारांतली झेनॉन घे. १४० पीएस, ३२० न्यूटनमीटर. घाटात तिसऱ्यावर ठेवली की चढतेच. बाकीच्या गाड्या बघतच राहतात. आणि पावसात करूळ घाट उतरताना फोर-हाय (नेहमीच्या वेगाचं फोर-व्हील) टाकून ठेवायचं, चारही चाकं धरतात.

टॉर्करॉड
@रांगडा०९, झेनॉनची ताकद मान्य. पण दुसरा सल्ला चुकीचा आहे, आणि नवा माणूस तो खरा मानेल म्हणून सविस्तर लिहिते.

या चारही गाड्यांत पार्ट-टाइम फोर-व्हील आहे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नाही. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीवरून जातात, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे तो फरक कुणीतरी घसरून भरून काढावा लागतो. चिखलात टायर घसरतो, त्रास नाही. डांबरावर टायर धरून बसतो आणि सगळा पीळ शाफ्ट, यूजे क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या डब्याच्या) साखळीत साठतो. गाडी वळताना ब्रेक लागल्यासारखी अडखळते आणि नॉब टू-हायवर (फक्त मागच्या चाकांवर) फिरवला तरी फोर-व्हील सुटत नाही. तसं झालं तर जोर लावू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, पीळ सुटतो.

घाटाचं वळण म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवायची जागा. तिथं ओल्या डांबरावरही फोर-हाय नको. शिवाय फोर-व्हीलने ब्रेक लागण्याचं अंतर कमी होत नाही, आणि उतारावर तुम्हाला ब्रेकच लागणार असतो. उतरताना खालचा गिअर आणि चांगले टायर एवढंच उपयोगी. सुट्या खडीचा किंवा चिखलाचा तीव्र उतार असेल तर फोर-लो (फोर-व्हीलच, पण कमी वेग आणि जास्त जोर), पहिला गिअर, क्लचला पाय नाही.

रांगडा०९
पटलं ताई. घाटाचा सल्ला मागे घेतो. झेनॉनचा मात्र नाही :)

आजरेकर
थोडा उलटा सूर लावतो. आठवड्यात सहा दिवस हायवे आणि एक दिवस दोन किलोमीटर पाणंद. त्यासाठी ट्रान्सफर केस, पुढचा डिफरेन्शियल, पुढचा शाफ्ट, दोन सीव्ही अ‍ॅक्सल एवढं वजन आणि एवढी देखभाल वर्षभर ओढायची का? टू-व्हील पिकअप, मागे चांगले टायर आणि अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे वाळूची पोती घट्ट बांधून शंभर-सव्वाशे किलो वजन. निम्म्या पाणंदी एवढ्यात निघतात. मोकळ्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात, म्हणून ती जागेवर फिरतात.

उद्यमनगरी
तांबड्या मुरमाच्या पाणंदीला आजरेकरांचं बरोबर आहे. पण गगनबावड्याच्या पावसात चढाची पाणंद असेल तर टू-व्हीलचं काम नाही, वाळू टाकली तरी. पुढची चाकं वळवायला जाल तर गाडी सरळच जाते. @पंचगंगाकाठ, पाणंद चढाची आहे की सपाट? आणि माती तांबडी की काळी?

पंचगंगाकाठ
तांबडी, मध्ये जांभ्याचे दगड. शेवटचे दोनशे मीटर चांगलाच चढ, आणि चढाच्या पायथ्याला ओढा.

उद्यमनगरी
मग फोर-बाय-फोर घ्या, शंका नको. टायर ऑल-टेरेन. शिरोळ-हातकणंगलेच्या काळ्या चिकट रानात ऑल-टेरेनच्या खाचा दोन फेऱ्यांत लिंपून जातात. तांबड्या मातीत त्या बऱ्यापैकी झटकल्या जातात. मड-टेरेन रोज कागलला नेलेत तर आवाजानं डोकं उठेल आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला वेळ लागेल.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, साधारण सारख्याच झिजेचे. पुढे नवे, मागे टक्कल असं चालत नाही. परिघात फरक पडला की टॉर्करॉड ताईंनी सांगितलेला पीळ सरळ रस्त्यावरही बसायला लागतो.

गिअरऑइल
आता चारही गाड्यांचं थोडक्यात, सुट्या भागांच्या नजरेनं.

गेटवे २००७ला आली. सुरुवातीची २.६ सीआरडीई टाळा, नंतरची २.२ एमहॉक घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, केबिनमधल्या बहुतेक गोष्टी स्कॉर्पिओच्या. त्यामुळे भाग मिळायची चिंता नाही आणि हात बसलेला मेकॅनिक गल्लोगल्ली आहे. फक्त मागचं दार, मागचे लॅम्प आणि हौद्याचे पत्रे गेटवेचेच. ते तुटलेले नाहीत ना, हे घेतानाच बघा.

झेनॉन २००९ची. २.२ डायकॉर इंजिन सफारीचंच भावंड. गंमत म्हणजे एमहॉक आणि हे टाटाचं इंजिन, दोन्ही २१७९ सीसी, आणि एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. पुढे योध्दा याच बांध्यावर आली, म्हणून खालचे बरेच भाग अजून मिळतात. केबिनमधल्या बारीकसारीक वस्तूंसाठी मात्र शोधाशोध.

व्ही-क्रॉस २०१६ला आली, २.५ लिटर इंजिन. चारांत सगळ्यात घट्ट बांधलेली आणि बसायला सगळ्यात बरी. पण सहा लाखांत जी मिळेल ती का स्वस्त आहे ते शोधावं लागेल. भाग महाग आहेत. लांबी ५२९५ मिलिमीटर. महाद्वार रोड, गुजरी, गंगावेश या भागांत रोजचं काम असेल तर विसराच.

कॅम्पर पाच मीटरच्या आत. आवाज जास्त, हायवेवर ऐंशीच्या पुढे मन लागत नाही. पण जुन्या डीआय इंजिनात सेन्सर नाहीत, इंजेक्टरचं कोडिंग नाही, आणि गावच्या गॅरेजमध्ये बरी होते.

ऊसपट्टा
व्ही-क्रॉसबद्दल एक भर. खताची पोती म्हणालात म्हणून. आरसीवर मोकळं वजन आणि एकूण परवानगीचं वजन दोन्ही छापलेलं असतं. वजाबाकी करा. खासगी नोंदणीच्या व्ही-क्रॉसमध्ये ती वजाबाकी फार कमी निघते. पाच माणसं पासष्ट किलोनं धरली तर सव्वातीनशे किलो तिथंच गेले. युरियाचं पोतं ४५ किलोचं, बाकीची ५०ची. दहा पोती म्हणजे साडेचारशे ते पाचशे. माणसं आणि पोती एकाच फेरीत बसत नाहीत, हे आधीच ठरवून ठेवा.

कावळानाका
नोंदणीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथं फसगत सगळ्यात जास्त होते.

पिवळी पाटी की पांढरी, हे पहिल्याच फोनवर विचारा. कॅम्पर बहुतेक मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात. मालवाहू गाडीला फिटनेस लागतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. विमाही मालवाहू वर्गाचा. खासगी गाडी पंधरा वर्षांनी फॉर्म २५ भरून पुन्हा नोंदवावी लागते, मग दर पाच वर्षांनी, आणि हरित कर वेगळा. म्हणजे २०१०ची पांढऱ्या पाटीची गेटवे आता घेतलीत तर तो खर्च किमतीत धरा. तो कोण भरणार, हे व्यवहाराआधी ठरवा.

निपाणी-चिकोडीकडची केए पाटीची गाडी स्वस्त वाटते. पण तिथल्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी, मग इथं नवीन नंबरासाठी फॉर्म २७, मालकी बदलाला २९ आणि ३०, वर महाराष्ट्राचा कर नव्यानं. तो कर धरून बेरीज केली की स्वस्ताई बरीचशी वितळते. कर्ज फेडलेलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) पाटी बसवली आहे का तेही बघा.

लायसनची चिंता नको. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये त्यावर शिक्का मारला.

पंचगंगाकाठ
कावळानाका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. पिवळ्या पाटीच्या दोन कॅम्पर यादीतून काढल्या, व्ही-क्रॉसही काढली. आता गेटवे आणि झेनॉन उरल्या. फोर-व्हील नीट चालतंय हे ट्रायलमध्ये कसं ओळखायचं?

टॉर्करॉड
मैदान किंवा मुरमाची मोकळी जागा शोधा. डांबरावर ही चाचणी करू नका.

गाडी उभी, इंजिन चालू, टू-हाय. नॉब फोर-हायवर फिरवा. गाडीखालून मोटारीचा बारीक घरघर आवाज आणि मग टक असा आवाज आला पाहिजे. डॅशवरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला तर शिफ्ट मोटार किंवा तिचा सेन्सर अडकलाय. वर्षानुवर्षं न वापरल्यानं या मोटारी जाम होतात, हा त्यांचा नेहमीचा रोग. कधी साफ करून ग्रीस भरलं की सुटते, कधी बदलावी लागते. ज्या गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल व्हॅक्यूमवर जोडला जातो, तिथं वाळून चिरलेली रबरी नळी हेच कारण निघतं. ती काही रुपयांची असते.

आता फोर-हायमध्येच स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल घ्या. मुरमावर पुढची चाकं माती खरवडत असतील आणि स्टिअरिंग जड होत असेल तर फोर-व्हील खरंच लागलंय. काहीच फरक नसेल तर दिवा पेटलाय पण पुढची चाकं ओढत नाहीत. कट-कट-कट आवाज आला तर पुढच्या चाकाजवळचा सीव्ही जॉइंट झिजलाय. चढावर पूर्ण जोर दिल्यावर खालून धाडकन उडी मारल्यासारखा धक्का बसला तर ट्रान्सफर केसची साखळी सैल होऊन दातावरून उडतेय. ती गाडी सोडा.

मग फोर-लो: पूर्ण थांबा, क्लच दाबा, न्यूट्रल, नॉब. सुटताना अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसता सावकाश क्लच सोडला तरी गाडी रांगत पुढं गेली पाहिजे.

शेवटी तीन ठिकाणचे प्लग सोडून तेलाचा थेंब बोटावर घ्या: पुढचा डिफरेन्शियल, मागचा, ट्रान्सफर केस. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. चमचमणारी धातूची कणी असेल तर दात झिजतायत. प्लगच्या चुंबकावर थोडा करडा लेप असणं ठीक, बोटाला टोचणारे तुकडे नकोत. मालक प्लग उघडू देत नसेल तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं.

गिअरऑइल
याला जोडून इंजिनाचं. गाडी सकाळी थंड असताना बघायची. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि डिझेलचा झणझणीत वास म्हणजे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. जोर दिल्यावर काळा धूर असेल तर टर्बोचा होज फाटलाय का, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोंदलाय का ते बघा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून उलटं नुसतं ठेवा. ते थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर रिंगा गेल्या. कॉमन रेलच्या गाडीला इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी करून घ्या, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटलीत मोजायचं. चार बाटल्यांत सारखं डिझेल जमलं पाहिजे. एका बाटलीत दुप्पट जमलं तर तो इंजेक्टर बाद.

आजरेकर
मोकळ्या पिकअपच्या ब्रेकबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसीपर्यंत एक छोटा दांडा आणि वर व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की चॅसी खाली बसते, दांडा सरकतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. मोकळ्या गाडीत तो दाब कमी करतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन शेपूट फिरतं. जुन्या गाड्यांत तो गंजून अडकतो, किंवा ब्रेक कमी लागतात म्हणून कुणीतरी तारेनं वर बांधून टाकतो. हातानं दांडा हलवून बघा, मोकळा हलला पाहिजे. ऊस हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांतून पडलेली मळी-माती आणि त्यावर पहिला पाऊस, अशा वेळी हा व्हॉल्व्हच वाचवतो.

आणि मोकळी असताना मागच्या टायरमध्ये पूर्ण लोडची हवा ठेवू नका. दारावरच्या स्टिकरवर दोन्ही आकडे असतात. अर्धी आदळआपट तिथंच कमी होते. मऊपणासाठी पाट्यातलं पान काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

शिरोळकर
ओढ्याचा उल्लेख आला म्हणून. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तोवर फोर-लो, पहिला-दुसरा गिअर, एकाच चालीनं. त्यावर असेल तर थांबा. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यातून आल्यावर यूजे क्रॉसला ग्रीस आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जायची नळी) मोकळा आहे का ते बघा. ब्रीदर मातीनं बंद असेल तर गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेल्यावर ऑइल सीलमधून पाणी आत ओढतो. दुधाळ तेल होतं ते असंच.

पाण्याखाली गेलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून मात्र कुठलीच गाडी नको. तिथं फोर-व्हीलचा संबंध नाही. दोन फूट वाहत्या पाण्यात पिकअप उचलली जाते. चाकंच जमिनीला टेकलेली नसतात.

रांगडा०९
यावर वाद नाही. बंधाऱ्यावर पाणी म्हणजे लांबच्या पुलानं जायचं.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी एक गेटवे बघायला जातोय: २०१३ची, एमहॉक, पांढरी पाटी, एमएच-०९, दुसरा मालक. सोबत हातोडा, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर घेतोय. अजून काही?

उद्यमनगरी
प्लग उघडायला त्या मापाचा पाना, खाली धरायला जुना डबा आणि प्लगचे नवे वॉशर. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन सकाळी सुरू करायचं नाही. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा.

टॉर्करॉड
आणि दुसरा मालक कशासाठी वापरत होता ते विचारा. त्यानं फोर-लो शेवटचं कधी टाकलं होतं, तेही. "कधीच नाही" हे उत्तर चांगलं समजू नका. मग शिफ्ट मोटारीचा खर्च धरूनच किंमत बोला.